शब्बीर, तुझ्या ठोक्यांची ग्रेड

शब्बीर, तू खोटारडा होतास. गेलेल्या माणसाबद्दल असं बोलू नये हे मलाही कळतं, पण आपलं नातं काही शोकसभेत उभं राहून बोलण्यातलं नव्हतं. परवा तुझ्या चाळिसाव्याला अकोल्याला येऊन गेलो. जेवलो. नजमाभाभीनं आग्रह करून दोनदा वाढलं. आणि परतीच्या गाडीत बडनेरा येईपर्यंत मी तुला शिव्या घालत होतो. मनातल्या मनात, पण ओठ हलत असावेत, कारण शेजारच्या बाईनं विचारलं, "बरं नाई का भाऊ?" मी म्हटलं, "बरा आहे, भांडण चालू आहे." ती बिचारी खिडकीकडं सरकून बसली.

तेच भांडण पुढं चालवायला हे लिहितोय. तू असतास तर पहिल्याच ओळीला अडवलं असतंस, "काय बे दिवाकर, हे पुन्याची भाषा कायले लिहून राहिला?" अरे, लिहायला बसलं की हात आपोआप शाळेत जातो. गुरुजींनी तसंच शिकवलं. त्याच वर्गात तू माझ्या बाजूला बसायचास आणि माझ्या वहीत पाहून शुद्धलेखन करायचास, हे विसरू नको.

अचलपूरची ती शाळा सुटली आणि आपण दोघंही छोट्या गाडीनं मूर्तिजापूरला आलो, तिथून तू अकोल्याकडं गेलास आणि मी अमरावतीकडं. तू सरकारी खरेदी केंद्रावर कापसाचा ग्रेडर झालास. मी एका हृदयरोगाच्या दवाखान्यात ईसीजी काढायला लागलो. तू कापूस पाहायचास, मी काळीज. दोघांचंही काम हाताचं आणि दोघांनाही लोक विचारायचे, "कसा हाय?" भेटायला जागा अर्ध्या वाटेवरची ठरली. दर महिन्याचा पहिला रविवार, मूर्तिजापूर स्टेशन, पाण्याच्या टाकीजवळचा बाक. दोन चहा, चार आलूबोंडे, आणि दुपारच्या गाडीनं आपापल्या घरी. तीस वर्षं हे चाललं. लग्नं, बाळंतपणं, मयती सोडल्या तर रविवार आपण फारसा चुकवला नाही.

तुझं काम मी एकदाच पाहिलं, पण ते विसरणं शक्य नाही. केंद्रासमोर बैलगाड्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. तू गाडीच्या चाकावर पाय देऊन चढलास, बाही कोपराच्या वर सारलीस आणि हात खांद्यापर्यंत कापसात खुपसलास. तळाशी. तिथून मूठभर कापूस ओढून काढलास, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धरून त्याचा धागा ताणलास, उजेडाकडं धरलास. गाडीवाला तुझ्या अंगठ्यांकडं पाहत होता. मग तू म्हणालास, "सुपर." त्या माणसाचा चेहरा असा फुलला की जणू पोरगी पास झाली. पुढच्या गाडीला तू "मध्यम" म्हणालास, त्याच्या पुढच्या डागाळलेल्या, किडक्या मालाला "कवडी", आणि त्या माणसानं तुझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. तू ऐकून घेतलंस. खाली उतरून मला म्हणालास, "वरून पाहून ग्रेड लावाची नसते बे. वरचा कापूस सगळ्याइचाच चांगला असते. तळाशी हात घालाले लागते." हे तुझं वाक्य माझ्या लक्षात राहिलं आणि नेमक्या वेळी मी ते विसरलो. ते पुढं सांगतो.

ती वर्षं वाईट होती. सकाळी पेपर उघडायची धास्ती वाटायची. आपल्या अमरावती, अकोला, यवतमाळची नावं रोज पहिल्या पानावर, आणि चांगल्या कारणासाठी नाही. केंद्रावर माल घेऊन येणाऱ्याला राग काढायला समोर सरकार नसायचं, तू असायचास. तू हंगामात चार-चार महिने धड जेवत नव्हतास. एका रविवारी बाकावर चहाचा पेला तुझ्या हातात हिंदकळत होता. मी म्हटलं, "हात दे." नाडी धरली आणि माझ्या बोटाखाली काहीतरी भलतंच लागलं. दोन ठोके लागोपाठ, मग एक लांबलेला, मग तीन घाईत, मग थोडी चुप्पी. कशाचा कशाला मेळ नाही.

"हे कधीपासून?"

"हंगामी हाय बे. कापूस सुरू झाला का धडधडते, फागनात थांबते. दरसालचं हाय."

दरसालचं! चार वर्षं तू काळजाचा आजार हंगामाच्या खात्यात टाकून बसला होतास. उन्हाळ्यात तो आपोआप थांबतो म्हणून तुला तो आजारच वाटत नव्हता. हात धरून तुला अमरावतीला ओढत आणलं, मशीनला लावलं. पट्टी बाहेर आली तेव्हाच मी ओळखलं. प्रत्येक मोठ्या ठोक्याआधी एक लहानसा उंचवटा असतो, काळजाच्या वरच्या कप्प्यांचा. तो कुठंच नव्हता. त्याच्या जागी नुसती थरथर. वरचे कप्पे आकुंचन पावायचं सोडून थरथरत बसले होते आणि खालचे बिचारे जमेल तसं सांभाळून घेत होते. आमचे डॉक्टर म्हणाले, यात धडधड ही लहान गोष्ट आहे, मोठी भीती वेगळी आहे. थरथरणाऱ्या कप्प्यात रक्त साकळतं, त्याची गुठळी मेंदूत गेली तर माणूस एका बाजूनं लुळा होतो. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी सुरू झाली, दर महिन्याला रक्त तपासायचं, आणि हिरव्या पालेभाजीला माप. एकदम जास्त नाही, एकदम बंद नाही, दर आठवड्याला सारखी. कारण पालेभाजी त्या गोळीच्या विरुद्ध काम करते. इतर सगळं तू ऐकून घेतलंस, पण भाजीवर उठलास. "अंबाडीची भाजी मोजून खाऊ? मी वऱ्हाडात जन्मलो का दवाखान्यात?"

गोळ्यांनी दोन वर्षं निभावली. मग त्याही पुऱ्या पडेनात. आठवड्यातून दोन-तीनदा दौरा यायचा, एकदा केंद्राच्या पायरीवर तू डोळे फिरून बसलास. तेव्हा तारेच्या इलाजाची गोष्ट निघाली. मांडीच्या शिरेतून बारीक तार काळजापर्यंत न्यायची आणि जिथून चुकीचे इशारे उठतात तिथं फुप्फुसाच्या शिरांच्या तोंडाशी गोल डागून घ्यायचं, म्हणजे तो इशारा पुढं जात नाही. तू ऐकलंस आणि म्हणालास, "काळीज जाळतेत? अन मी त्याइले जाळू देऊ?"

पाच रविवार आपण यावर भांडलो. तू नाही म्हणायचास, मी हो म्हणायचो. शेवटी मी चिडून म्हटलं, "तुया मालाले कवडी लागली हाय, साफ करून घ्यायची का नाई ते सांग." तू आलूबोंडा खाली ठेवलास. मग म्हणालास, "चाल मंग. पण तू संग येशील." तुला मीच ढकललं, शब्बीर. हे लक्षात ठेव, कारण मी ते एक दिवसही विसरलेलो नाही.

नागपूरच्या डॉक्टरांनी तुझ्यापासून काहीही लपवलं नाही, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे. तू विचारलंस, "गॅरंटी किती?" ते हसून म्हणाले, "गॅरंटी पंख्याला असते. बऱ्याच जणांना बरं वाटतं. काहींना पुन्हा येतं, काहींना पुन्हा करावं लागतं. लागू पडलं की नाही हे आज कळत नाही, वर्षं जावी लागतात." तू माझ्याकडं पाहून म्हणालास, "हे तं पेरनीसारखंच झालं." डॉक्टरांना कळलं नाही, मला कळलं.

इलाजाच्या दिवशी बाहेरच्या खुर्च्यांवर मी आणि नजमाभाभी. त्यांच्या बोटांत तसबीहचे मणी फिरत होते, मी डब्याचं झाकण उघडत आणि लावत होतो. चार तासांनी तुला बाहेर आणलं. पाय सरळ ठेवून पडून राहायचं, हलायचं नाही. तुझं पहिलं वाक्य होतं, "पाठीले खाज सुटली बे, कोनाले तरी सांग." भाभी रडता रडता हसायला लागल्या.

पहिल्या तीन महिन्यांत पुन्हा दोनदा धडधडलं. मी सांगितलं, सुरुवातीचे दौरे हिशोबात धरायचे नसतात, डागलेली जागा भरून येत असते. तू भडकलास. "धराचे नाई म्हंजे? मले तं हे धरूनच रायले!" पण मग थांबलं. चौथ्या महिन्यापासून एकदम शांत. पुढच्या हंगामात कापूस आला, गाड्यांची रांग लागली, शिव्या सुरू झाल्या, आणि तुझं काळीज जागचं हललं नाही.

एक वर्ष झालं तेव्हा तू अमरावतीला आलास. मी तुझी पट्टी काढली. काय सांगू तुला! प्रत्येक ठोक्याआधी तो उंचवटा, कसा नीट, सारख्या अंतरावर, शाळेतली पोरं प्रार्थनेला उभी राहावीत तसा. मला इतका आनंद झाला की मी खिशातला बॉलपेन काढला आणि पट्टीच्या कोपऱ्यात मोठ्या अक्षरात लिहिलं, "सुपर". खाली सही केली, दिवाकर. आणि तुला म्हटलं, "सुटला तू. जाय."

मी कोण रे असं लिहिणारा? डॉक्टर नाही, काही नाही. दहा सेकंदांची पट्टी. दिवसाच्या बाकीच्या वेळी काळीज काय करतं ते त्या कागदाला काय माहीत? ज्यानं मला सांगितलं होतं की वरून पाहून ग्रेड लावायची नसते, त्यालाच मी वरून पाहून ग्रेड लावली. आणि तू, वीस वर्षं कापसात हात घालणारा पक्का ग्रेडर, तू ती मुकाट्यानं घेतलीस. पट्टी प्लास्टिकच्या पाकिटात घातलीस, केंद्रावरच्या टेबलाच्या वरच्या भिंतीला लावलीस, सगळ्यांना जिलबी वाटलीस. कोणी विचारलं की बोट दाखवून म्हणायचास, "आपली ग्रेड लागली हाय. अमरावतीच्या मशीनवर."

त्यानंतरची सहा वर्षं चांगली गेली. तुझी. बाहेर तर सगळं बिघडतच होतं. सरकारी खरेदी आटली, तुझं केंद्र बंद पडलं, तू पट्टी काखोटीला मारून अकोल्याच्या एका जिनिंग कारखान्यात लागलास आणि तिथल्या भिंतीला ती लावलीस. तिथं मालक म्हणेल ती ग्रेड. तुला ते लागलं, पण दौरा आला नाही. चिखलदऱ्याला आपण दोघं चढाची वाट पायी चढलो, वर पोचून तू माझी नाडी धरलीस आणि म्हणालास, "मध्यम. वजन कमी कर." पोरीच्या लग्नात तू इतका नाचलास की व्याही घाबरले. माझी आई गेली तेव्हा खांदा द्यायला अकोल्याहून पहाटेच्या गाडीनं आलास आणि शेवटपर्यंत खांदा बदलला नाहीस. ते सगळं मी त्या "सुपर"च्या खात्यावर जमा धरत गेलो. मनात म्हणायचो, आपण ढकललं म्हणून हा इथं आहे.

आता त्या भांडणाकडं येतो. सातव्या वर्षी कधीतरी तू मला हात देणं बंद केलंस. आधी बाकावर बसलं की आपोआप मनगट पुढं करायचास. मग कधी एका हातात पिशवी, दुसऱ्यात चहा. कधी पूर्ण बाहीचा सदरा, गुंड्या लावलेल्या, मे महिन्यात. मी "पट्टी काढायला ये" म्हटलं की तुझं ठरलेलं उत्तर, "एकडाव ग्रेड लागली का लागली. विकलेला माल कोनी परत तपासते का?" मी हसायचो. आणि खरं सांगू? मीही हात मागितला नाही. रोज चाळीस माणसांच्या छातीला तारा लावणारा मी, मला समजायला पाहिजे होतं. पण मला समजून घ्यायचं नव्हतं. माझ्याच हातचं अक्षर होतं ते.

एकदा तू जाता जाता म्हणालास, "दिवाकर, हे माये फरदडीचे दिवस हायेत." मला वाटलं कापसाचंच बोलतोयस. मुख्य वेचण्या झाल्या की शहाणा माणूस पऱ्हाटी उपटतो. पण कोणी पाणी देऊन झाड तसंच राखतो, आणि त्याला पुन्हा थोडी बोंडं धरतात. लहान बोंडं, आखूड धागा. ती फरदड. मी म्हटलं, "फरदडीले काय भाव?" तू म्हणालास, "सुपर लागत नाई. पण कापूस असते बे, कापूसच असते." गाडी आली आणि तू चढलास. माझ्या टाळक्यात काही शिरलं नाही.

आणि मग आठ महिन्यांपूर्वीचा तो रविवार. मी सहज विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे ना? तू म्हणालास, "फेकून देल्या." मी चहा खाली ठेवला. तुला आधीच बीपी, वय पंचावन्न, नागपूरच्या डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं की ठोके नीट झाले तरी ही गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडायची नाही. मी तेच सांगायला लागलो. तू शांतपणे म्हणालास, "मले येक सांग. मी बरा झालो असन तं गोळी कायले? अन गोळी लागत असन तं तुयं सुपर कायचं?"

  मी ओरडलो. फलाटावरची माणसं वळून पाहायला लागली. तू म्हणत राहिलास, "मी बरा हाय, तू लिवून देल्लं हाय," आणि मी म्हणत राहिलो, "अक्कल गहाण टाकली का बे." शेवटी मी उठलो आणि म्हणालो, "मर मंग."

हे दोन शब्द. पुढचे सहा महिने मी मूर्तिजापूरला आलो नाही. भाभी सांगत होत्या, तू यायचास. सहाही रविवार. दोन चहा सांगायचास, एक थंड व्हायचा.

मग भाभींचा फोन आला. तापाचं निमित्त झालं, छातीत कफ भरला, अकोल्याच्या दवाखान्यात ठेवलंय. मी धावत सुटलो. वाटेत एकच गोष्ट डोक्यात. गुठळी. गोळी सोडली, गुठळी गेली, आणि गोळी सोडली ती माझ्या "सुपर"मुळं. मी मारलं याला. वॉर्डात पोचलो तेव्हा तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, न्यूमोनिया आहे, दोन्ही बाजूंनी. मी विचारलं, मेंदू? तो म्हणाला, "मेंदू ठीक आहे. यांची रक्ताची गोळी चालूच होती, रक्त अगदी पाहिजे तेवढं पातळ आहे." मी म्हटलं, "चालू होती?" त्यानं केसपेपर माझ्यापुढं धरला.

तू तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा लावून पडला होतास. मी तुझ्याकडं पाहायच्या आधी सवयीनं डोक्याच्या वरच्या पडद्याकडं पाहिलं. हिरवी रेघ धावत होती आणि तिच्यात तो उंचवटा नव्हता. नुसती थरथर.  तू माझं तोंड पाहत होतास. मुखवटा थोडा सारून म्हणालास, "पायलं?"

"पाहिलं. कधीपासून?"

तू चार बोटं वर केलीस. चार वर्षं.

सिस्टरनं मुखवटा पुन्हा लावला, बोलू नका म्हणाली. तेव्हा तू दोन्ही हात चादरीवर घेतलेस, सलाईनच्या नळीसकट. दोन्ही अंगठे जवळ आणलेस आणि हवेतला धागा ताणलास, हळूच, जसा गाडीवर उभा राहून ताणायचास. आणि भुवया उडवून माझ्याकडं पाहिलंस. ग्रेड विचारत होतास. मी ती दिली नाही, शब्बीर. मी त्या हिरव्या रेघेकडं पाहत राहिलो. माफी मागायची होती, तीही राहिली. तुझा हात हातात घेऊन बसलो आणि ती वेडीवाकडी नाडी चार वर्षांनी पहिल्यांदा माझ्या बोटांना लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेलास.

परवा जेवणं आटोपल्यावर भाभींनी मला आतल्या खोलीत बोलावलं. मी विचारलं, "भाभी, गोळी फेकली होती ना यानं?" त्या म्हणाल्या, "कोनं सांगतलं? रोज संध्याकाळी घेत होते. येक दिवस नाई चुकला. महिन्याच्या महिन्याले रक्त तपासाले जात. अंबाडीची भाजी हप्त्यातून दोनदा, येक वाटी, मीच मोजून देओ." दौरे परत सुरू झाल्यावर तू एकटाच नागपूरला जाऊन आलास, हेही त्यांनीच सांगितलं. डॉक्टरांनी तार पुन्हा घालायचं विचारलं होतं. तू महिनाभर विचार केलास आणि म्हणालास, आता चालते तसं चालू द्या.

"मग मला कावून नाही सांगितलं?"

भाभींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "म्हनत, दिवाकरनं लिवून देल्लं हाय. त्याचं अक्षर खोटं नाई पडलं पायजे. त्याले समजलं तं तो सोताले खात बसन."

बघ. म्हणून खोटारडा म्हटलं तुला. गोळी घेतो म्हटलं असतंस तर मी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली असती आणि तिच्यावर दौरे दिसले की म्हटलं असतं, मग पट्टी काढ. पट्टी काढली असती तर माझं "सुपर" पडलं असतं. म्हणून तू गोळ्या गुपचूप घेतल्यास आणि फलाटावर माझ्या शिव्या खाल्ल्यास. कोणी करतं का रे असं? आणि मी तुला म्हटलं, मर मंग. मला माफ कर. आठ महिने उशिरा सांगतोय, पण सांगतोय.

मी भाभींना तेही विचारलं, जे विचारायची भीती वाटत होती. म्हटलं, मी याला ढकललं. मग शेवटी उपयोग काय झाला, परत तर आलंच. त्या माझ्यावर जवळजवळ रागावल्या. "असं नोका म्हनू भाऊ. पयले हप्त्यातून दोन-तीन डाव याचं. मंग सहा सालं आलंच नाई. मंग आलं तं सालातून चार-पाच डाव, तेबी जरासं. तुमाले काय मालूम, त्या सालाइत ते झोपले. मीबी झोपली." एवढं बोलून त्या भांडी आवरायला गेल्या. जाताना कपाटातून प्लास्टिकचं पाकीट काढून माझ्या हातात दिलं. "हे तुमचं."

पाकीट मी घरी आल्यावर उघडलं. ठरवलंच होतं, आपली चूक आपण दुरुस्त करायची. "सुपर" खोडायचं आणि खाली खरी ग्रेड लिहायची, फरदड. बॉलपेनचं टोपण काढूनच बसलो होतो. पट्टी बाहेर ओढली आणि पाहतो तर कागद कोरा. ईसीजीचा कागद शाईनं उमटत नाही, उष्णतेनं उमटतो, आणि वर्षं गेली की उडून जातो. प्लास्टिकमध्ये तर लवकरच. दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगतो, "झेरॉक्स काढून ठेवा, हा कागद उडतो." हजारो लोकांना सांगितलं असेल. तुलाच सांगायचं राहिलं. ते नीट रांगेत उभे असलेले ठोके, ते उंचवटे, एकही उरला नव्हता. कोपऱ्यात माझं निळं अक्षर तेवढं होतं, काल लिहिल्यासारखं. म्हणजे शेवटची चार वर्षं तू भिंतीवर जे सांभाळत होतास, त्यात तुझं काळीज उरलेलंच नव्हतं. तुला ते दिसत असणारच. रोज समोर होतं.

मी टोपण परत लावलं. ज्या अक्षरासाठी तू एवढं केलंस ते खोडायला मी कोण? आणि दवाखान्यात तू ग्रेड मागितली होतीस, ती अजून द्यायची आहे. या वेळेस वरून पाहिलेलं नाही, शब्बीर. दहा सेकंदांवर नाही, अकरा वर्षांवर सांगतोय. चिखलदऱ्याचा चढ, पोरीच्या लग्नातला नाच, माझ्या आईला दिलेला खांदा, मोजून खाल्लेली अंबाडी, चोरून घेतलेल्या गोळ्या, थंड झालेले सहा चहा, सगळं धरून. बाही वर करून, पार तळाशी हात घालून सांगतोय.

सुपर, बे.